तातडीने मदत हवी : बीजिंग, बेजिंग की पेकिंग?

नदीकाठ :
भाषांतर सोमवारी छापायला जायचंय. मी सगळीकडे 'पेकिंग' लिहिलं होतं. मुद्रितशोधकांनी 'बीजिंग' केलं, संपादक म्हणतात 'बेजिंग' हवं. एकच रूप ठरवायचंय. कुठलं ठेवू? प्लीज लवकर सांगा.

अनुज :
बीजिंग. पेपरात तेच येतं. १९७९ पासून चीन सरकारनेच परदेशी भाषांतल्या मजकुरात पिनयिन (चिनी शब्द रोमन लिपीत लिहायची पद्धत) स्पेलिंग वापरायला घेतलं. पेकिंगचा विषय तिथेच संपला.

सोनचाफा :
संपला कसा? तिथलं विद्यापीठ इंग्रजीत अजून 'पेकिंग युनिव्हर्सिटी'च आहे, जुन्या विमानतळाचा कोडही पीईके. मी चार वर्षं तिथे होते. पिनयिनमधला 'बी' म्हणजे आपला ब नव्हे, हवा न सोडता म्हटलेला प. 'जे' म्हणजे तसाच च. पेरूतला प, चिंचेतला च. पेइचिंग! इंग्रजांना हे जमत नाही, आपल्याला आयतं जमतं, तर ते सोडून इंग्रजी स्पेलिंग का गिरवायचं?

अनुज :
मग पॅरिसचंही 'पारी' करा. वाचकाला ओळखू यायला नको का?

मधुकाका :
जाणार असाल तर भिंत बघायला बादालिंगला नको, फार गर्दी. मुतियान्यूला जा.

विदिता :
मूळ पुस्तक कुठल्या काळातलं आहे ते आधी सांगा ना.

नदीकाठ :
इंग्रजी प्रवासवर्णन, १९३४ चं. त्यात बऱ्याच ठिकाणी 'पेइपिंग' असं चुकीचं छापलंय, ते मी दुरुस्त करून घेतलं.

विदिता :
अहो थांबा, ती चूक नाही! 'जिंग' म्हणजे राजधानी. १९२८ मध्ये राजधानी नानजिंगला गेली, म्हणून नावातलं 'जिंग' काढून 'पिंग' घातलं. उत्तरेची राजधानी होती, ती उत्तरेची शांती झाली. १९४९ मध्ये जुनं नाव परत आलं. तुमचा लेखक दोन्ही नावं वापरत असेल तर जिथे जे आहे तिथे तेच ठेवा, आणि सुरुवातीला एक टीप द्या.

नदीकाठ :
बाप रे. स्टेशनवरच्या पाटीचं वर्णन आहे, तिथलंही मी बदललं. आज रात्री बसून सगळं मुळाशी ताडून बघते. मग टिपेत आजचं नाव बीजिंग लिहू ना?

अनुज :
हो.

सोनचाफा :
पेइचिंग.