पुणे–कोल्हापूर: ४४५ पोर्ट चालू, तरी सेकंडरी साइटची लिंक लाल

कोल्हापूरकर_आयटी:
कॉन्फिगरेशन मॅनेजर (कंपनीचे सगळे पीसी एका जागेवरून सांभाळायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) वापरतो. त्याची प्रायमरी म्हणजे मुख्य साइट पुण्याला हेड ऑफिसमध्ये, तिच्या हाताखालची सेकंडरी कोल्हापूरच्या प्लांटमध्ये. प्लांटला ८०-एक पीसी, मध्ये ८ एमबीपीएसची लीज्ड लाइन. प्लांटची फायरवॉल बदलली तेव्हापासून डेटाबेस रेप्लिकेशन (दोन साइट्सच्या डेटाबेसमधली माहिती जुळती ठेवणं) ‘लिंक फेल्ड’ दाखवतंय. पॅकेजेस (पीसींवर टाकायच्या सॉफ्टवेअरच्या फाइली) मात्र पोचतात. ४४५ दोन्ही बाजूंनी लागतोय. आणखी एक, दिवसा मोठं पॅकेज सुटलं की प्लांटचं बिलिंग रडायला लागतं. काय करू?

जुना_अ‍ॅडमिन:
पॅकेजेस पोचतात यातच उत्तर आहे. फाइल रेप्लिकेशन ४४५ वरून जातं, ती वाट मोकळी आहे. डेटाबेसची वाट वेगळी: दोन्हीकडचे एसक्यूएल (डेटाबेस) सर्व्हर एकमेकांशी थेट बोलतात, १४३३ पोर्टवर आणि एसक्यूएलचे निरोप पोचवणाऱ्या सर्व्हिस ब्रोकरच्या ४०२२ वर. नव्या फायरवॉलमध्ये ४०२२ बहुतेकदा राहून जातो, कारण तो कुणाला पाठच नसतो. पुण्याहून कोल्हापूर आणि कोल्हापूरहून पुणे, दोन्हीकडून टेस्ट-नेटकनेक्शन (पोर्ट लागतो का ते बघायची कमांड) मारा. एकाच बाजूने लागला तर काम झालं समजू नका. सर्व्हरवरची विंडोज फायरवॉलही बघा. सेंडर लॉग इथे उपयोगाचा नाही, तो फाइलींचा. डेटाबेस रेप्लिकेशनचा आरसीएमसीटीआरएल लॉग उघडा.

बिलिंगचं म्हणाल तर फाइल रेप्लिकेशन रूटच्या प्रॉपर्टीजमध्ये रेट लिमिट्स आहेत. तासागणिक टक्केवारी द्या, किंवा पल्स मोड लावा: इतक्या केबीचा ब्लॉक, मग इतके सेकंद थांब. मात्र लिमिट लावली की त्या साइटकडे एकच थ्रेड (एका वेळी एकच पाठवणी) चालतो, एरवी तीनपर्यंत चालतात. मोठी पॅकेजेस रात्रीवरच टाका. आणि ही लिमिट डेटाबेस रेप्लिकेशनला लागू होत नाही, हे फायरवॉलवाल्यांनाही सांगून ठेवा.

सातारा_नेटवर्क:
८० पीसींसाठी सेकंडरी हवीच कशाला? नुसता डिस्ट्रिब्युशन पॉइंट (पॅकेजेस साठवून तिथल्या पीसींना देणारा सर्व्हर) ठेवा. वेळापत्रक आणि रेट लिमिट त्यालाही लावता येतात, आणि सांभाळायला एक डेटाबेस कमी.

जुना_अ‍ॅडमिन:
मलाही तेच पटतं. सेकंडरीचा खरा फायदा खालून वर जाणाऱ्या माहितीला: इन्व्हेंटरी (कुठल्या पीसीवर काय आहे याची यादी), स्टेटस वगैरे पीसींकडून आधी तिच्याकडे येतं आणि तिथून ठरलेल्या वेळी पुढे जातं. ८० मशिनांची इन्व्हेंटरी ८ एमबीपीएसला जड नाही. पण आत्ता लिंक तुटलेली असताना सेकंडरी काढायला घेऊ नका. आधी लिंक हिरवी करा, मग शांतपणे काढा.

कोल्हापूरकर_आयटी:
४०२२ पुण्याकडून लागत होता, प्लांटकडून बंद होता. नियम टाकून घेतला, लिंक आता ‘अ‍ॅक्टिव्ह’. पॅकेजेस रात्री १० नंतर ठेवलीत. डिस्ट्रिब्युशन पॉइंटचं साहेबांशी बोलतो. सेकंडरीच्याच सर्व्हरवर तो करता येईल का, की नवीन मशीन मागू?

सातारा_नेटवर्क:
सेकंडरी अनइन्स्टॉल झाल्यावर त्याच मशीनवर करा, नवीन कशाला? फक्त डिस्कवरची जागा आधी बघून घ्या.