मदत हवी आहे: जुना कॅटरपिलर १२ ई ग्रेडर घेण्याआधी काय काय तपासावं?

नमस्कार मंडळी,

मी भांडुपला राहतो, गाव शहापूर तालुक्यात. गावी आमची आणि चुलत्यांची मिळून जमीन आहे. डांबरी रस्त्यापासून वाडीपर्यंतचा मुरमाचा रस्ता आमचा आम्हालाच राखावा लागतो. दर पावसाळ्यात त्याचा ओढा होतो. दिवाळीनंतर जेसीबी लावून सारखा करून घेतो, पण बकेटने ओढलेला मुरूम दिसायला सपाट दिसला तरी रस्त्याला मधे उंची राहत नाही. पुढच्या पावसात पाणी पुन्हा चाकोऱ्यांतूनच धावतं. भाड्याचा ग्रेडर (लांब ब्लेडने रस्ता सारखा करणारं मशीन) एवढ्याशा कामाला यायला तयार नसतो, आणि आलाच तर लोबेडचं (मशीन वाहून नेणाऱ्या बुटक्या ट्रेलरचं) भाडं कामाच्या पैशांएवढं होतं. शेजारच्या वाड्यांचीही हीच रड आहे, म्हणून सगळ्यांनी मिळून एक जुनं मशीन घ्यावं असं चाललंय.

शिवडीच्या एका यार्डात कॅटरपिलरचा नंबर १२ पाहिला. शेठ म्हणतात १२ ई आहे, साठच्या दशकातला, कुठल्याशा सरकारी खात्याच्या लिलावातून आलेला. आम्ही पोचलो तेव्हा इंजिन आधीच चालू करून ठेवलं होतं. आवाज छान होता, धूरही फारसा नव्हता. पण रंग नवा कोरा आहे, अगदी ग्रीसच्या निपलांवरसुद्धा, आणि सीरियल नंबरची पट्टीही रंगाखाली गेलीय. ब्लेडचं टोक धरून हलवलं तर खडखड करत बरंच मागेपुढे होतं. मागच्या दोन चाकांमधल्या लांबट पेटीच्या खाली तेल पाझरलेलं दिसलं. पुढच्या दोन्ही टायरांना बाजूने भेगा आहेत.

शेठचं म्हणणं, "इंजिन एक नंबर आहे, बाकी सगळं नटबोल्टचं काम." मला डिझेल इंजिनाची थोडी माहिती आहे, ग्रेडरची अजिबात नाही. ब्लेडला किती खेळ असला तर चालतो? या वयाच्या मशीनचं कुठलं काम मुंबईत होऊ शकतं आणि कुठलं होणारच नाही? किंमत कशावरून ठरवायची? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा. गावच्या सगळ्यांचे पैसे यात जाणार आहेत.

प्रतिसाद १

माझी नोकरी रस्त्याच्या मशिनरीवरच गेली. नंबर १२ वर वर्षानुवर्षं काम केलंय, त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पहिली गोष्ट, इंजिन सगळ्यात शेवटी बघा. डिझेल इंजिन मुंबईत उघडून बांधून मिळतं. लायनर, पिस्टन, नोझल, पंप, कशालाही माणूस सापडतो. ग्रेडरचा जीव फ्रेमच्या खाली असतो: सर्कल (ब्लेड फिरवणारं दातेरी कडं), ड्रॉबार (सर्कल पुढे फ्रेमला जोडणारा दांडा), कंट्रोल बॉक्स आणि टँडम (मागच्या चाकांमधली ती लांबट पेटी). तिथला झिजलेला भाग तयार मिळत नाही. तो एकतर दुसऱ्या मेलेल्या मशीनमधून काढावा लागतो, नाहीतर नमुना देऊन बनवून घ्यावा लागतो.

नंबर १२ हे मॉडेल १९३८ पासूनचं. मूळ घडण इतकी भक्कम की अजूनही कामाला लागलेली मशीन्स दिसतात. पण तुम्ही बघताय त्या पिढीत ब्लेडला हायड्रॉलिक सिलिंडर नसतात. इंजिनावरून शाफ्ट येतो तो ड्रायव्हरपुढच्या कंट्रोल बॉक्समध्ये. लिव्हर ओढली की आत डॉग क्लच (दातांनी अडकणारा क्लच) अडकतो आणि गिअर-शाफ्टमार्फत ब्लेड वरखाली होतं. तेव्हा हायड्रॉलिकची गळती शोधत बसू नका, डॉग बघा. ते असे बघा. ब्लेड आडवं सरळ करा आणि दोन्ही बाजूंनी खाली दाबत न्या, पुढची चाकं जमीन सोडेपर्यंत. चांगल्या बॉक्सचं मशीन कुरकुर न करता पुढचं धूड उचलतं. डॉगच्या कडा गोल झाल्या असतील तर लोड येताच लिव्हर तुमच्या हाताला झटका देऊन न्यूट्रलला पळते. दोन-तीनदा असं झालं तर बॉक्स उघडावा लागणार, हे धरूनच बोला. उचललेलं तसंच दहा मिनिटं ठेवा आणि कुठली बाजू हळूहळू बसतेय का बघा. पुढच्या अॅक्सलखाली लाकडी स्लीपर दिल्याशिवाय कुणालाही खाली वाकू देऊ नका, ही विनंती. स्लीपर दिल्यावर पुढची चाकं हातांनी हलवून किंगपिन (ज्यावर चाक वळतं ती पिन) आणि बेअरिंगही बघून घ्या. चाकं डावी-उजवीकडे झुकतात का तेही बघा. ब्लेडचा आडवा जोर पेलायला ती झुकावीच लागतात.

आता ब्लेडचा खेळ. सगळा खेळ सारखा नसतो. एकाला ब्लेडचं टोक पहारीने मागेपुढे करायला सांगा. तुम्ही प्रत्येक सांध्यावर बोट ठेवा, निम्मं एका भागावर, निम्मं दुसऱ्यावर. सर्कल आणि त्याला धरणारे शू यांच्यामध्ये बोट कातरल्यासारखं होतं का? ड्रॉबारच्या नाकाशी जो मोठा गोळा असतो तिथे? ब्लेड उचलणाऱ्या लिंकांच्या गोळ्यांमध्ये? या तिन्ही ठिकाणचा खेळ बहुतेक वेळा शिम (सांध्यात घातलेल्या पातळ पट्ट्या) काढून किंवा शू आत घेऊन कमी होतो. शेठ म्हणतात ते नटबोल्टचं काम ते एवढंच. शिम संपलेले असतील, गोळाच लांबट झाला असेल, तर गोष्ट वेगळी.

नंतर सर्कलचे दात. ब्लेड वर्षानुवर्षं ठरावीक कोनातच चालतं, त्यामुळे पिनियन (सर्कल फिरवणारं छोटं गिअर) सर्कलच्या ज्या भागावर फिरतं तेवढेच दात झिजतात. समोरचे दात आणि मागचे, जिथे पिनियन क्वचित जातं ते दात, दोन्हींचा मोबाईलवर फोटो काढा आणि शेजारी ठेवून बघा. कामाच्या भागातले दात टोकदार झाले असतील तर ते सर्कल संपत आलंय. ग्रीस आणि रंगाचा थर आधी घासून काढा, नाहीतर काही दिसणार नाही.

खेळ एवढा का बघायचा, तर तुमचंच काम घ्या. मुरमाच्या रस्त्याला ४ टक्के उतार धरला तर साडेतीन मीटर रुंदीच्या रस्त्यात मध्यापासून काठापर्यंत जेमतेम ७ सेंटिमीटरचा फरक पडतो. टोकाला तीन-चार सेंटिमीटर हलणारं ब्लेड हा उतार धरू शकत नाही. ते थरथरत चालतं आणि रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उठवतं. मग जेसीबीत आणि त्यात काय फरक राहिला?

टँडमची पेटी म्हणजे ती लांबट पेटी. आत चेनी असतात, त्या तेलात चालतात. मशीन शिवडीला उघड्यावर उभं असेल तर मुंबईचा वर्षाचा दोन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस त्यावर पडलाय. खालचा ड्रेन प्लग सैल करा, पूर्ण काढू नका. आधी पाणी आलं, मग दुधाळ तेल, तर आत गंज धरलेला असणार. तेल आलं तर ते पांढऱ्या कापडावर घ्या आणि लोहचुंबक फिरवा. बारीक भुकटी चालते, कपच्या चालत नाहीत. दोन्ही बाजूंचं करा, एकच बाजू बघून थांबू नका.

फ्रेमसाठी समोर उभे राहून मागच्या टोकापर्यंत नजर लावा, शक्य झालं तर दोरी ताणा. मधोमध, सर्कलच्या वर, नवीन वेल्डिंगचे थर दिसले तर विचारा. नव्या रंगाची मला नेहमी शंका येते ती इथेच.

आता इंजिन. परत जाल तेव्हा न कळवता जा, सकाळी. हात लावून ब्लॉक गार आहे ना बघा, मगच चालू करायला सांगा. त्या काळच्या कॅटला डिझेल इंजिन फिरवायला शेजारी दोन सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन असायचं. ते आधी चालू करून त्याने मोठं इंजिन फिरवायचं, ऑइलचं प्रेशर चढलं की डिझेल सोडायचं. ते जागेवर आहे की काढून बॅटरीचा सेल्फ बसवलाय? सेल्फ असेल तर ब्रॅकेट आणि फ्लायव्हीलच्या रिंगचे दात बघा. चालू झाल्यावर ब्रीदरजवळ (इंजिनाच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीजवळ) हात धरा. भकाभका धूर येत असेल तर कॉम्प्रेशन खाली उतरतंय. डिपस्टिक दुधाळ आहे का, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का, हे तुम्हाला माहीत असेलच.

बेअरिंगांची काळजी करू नका. जुन्या बेअरिंगवरचा नंबर वाचता आला तर नागदेवीला (मुंबईतल्या सुट्या भागांच्या बाजारात) बरोबरीचं मिळून जातं. ऑइल सीलचंही तसंच. ग्रेडरचे १३.००-२४ चे टायर नवे मिळतात, पण भेगा गेलेल्या दोन टायरांची किंमत शेठच्या किमतीतून वजा करूनच बोला.

प्रतिसाद २

वरच्या काकांनी सगळं सांगितलंय, मी फक्त कागद आणि किमतीचं बोलतो.

सीरियलच्या पट्टीवरचा रंग काढून ती स्वच्छ करा. १२ ई असेल तर नंबरची सुरुवात ९९ई ने व्हायला हवी. इंजिनावरचा नंबरही टिपून घ्या आणि लिलावाच्या कागदाशी ताडून बघा. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या बांधकाम यंत्रांच्या व्याख्येत मोटर ग्रेडरचं नाव स्पष्ट आहे. तेव्हा सार्वजनिक रस्त्यावरून स्वतःच्या चाकांवर न्यायचा असेल तर नोंदणीचा प्रश्न येणार. भंगार म्हणून विकला गेला असेल तर जुनी नोंदणी रद्द झालेली असू शकते. ते आरटीओत जाऊन विचारा, शेठच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. खात्यापासून शेठपर्यंत मधल्या प्रत्येक व्यवहाराची पावती मागा.

किमतीचा तळ भंगाराचा भाव. असा ग्रेडर साधारण १० टन भरतो. दारूखान्यात (मुंबईतल्या भंगाराच्या बाजारात) त्या दिवशीचा लोखंडाचा भाव विचारा, त्याला वजनाने गुणा. त्याखाली शेठ उतरणार नाही. त्यावर तुम्ही जे द्याल ते फक्त चालू असलेल्या भागांचं. शहापूरपर्यंतचं लोबेडचं भाडंही आजच विचारून ठेवा, सौदा झाल्यावर नाही.

मूळ धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. काका, बोट ठेवून खेळ बघायची युक्ती आम्ही परवाच करून पाहिली. बराचसा खेळ सर्कलच्या शूमध्ये निघाला, शिम अजून शिल्लक आहेत. ड्रॉबारचा गोळा मात्र वरून दिसण्यापेक्षा खराब आहे. कामाच्या भागातले दात मागच्या दातांपेक्षा बारीक झालेत, पण टोकदार नाहीत. डाव्या टँडममधून स्वच्छ काळं तेल आलं. उजवीकडे आधी पाणी आलं, वाटीभर तरी असेल, आणि चुंबकाला दोन कपच्या चिकटल्या. शेठ म्हणाले धुऊन नवीन तेल टाका, काही होत नाही. मला ते पटलं नाही. उजवी पेटी उघडून चेन दाखवा, मगच पुढचं बोलू, असं सांगून आलोय. ते तयार आहेत, पण उघडायची मजुरी आमच्याकडून मागतायत. ती द्यायची माझी तयारी आहे.

पुढची चाकं उचलण्याची चाचणी राहिली, कारण यार्डात ग्रेडर चालवणारा माणूसच नव्हता आणि लिव्हरी ओळखून चालवायची माझी हिंमत झाली नाही. ठाणे-रायगडकडे जुन्या नंबर १२ वर हात बसलेले कुणी ऑपरेटर ओळखीत आहेत का? येत्या रविवारी शिवडीला अर्धा दिवस यायला तयार असतील तर त्यांचा दिवसाचा रोज आणि येण्याजाण्याचा खर्च आम्ही देऊ. कृपया मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नंबर इथे उघडपणे टाकू नका.