हेल्पडेस्कच्या नोकरीसाठी काय करू: ए प्लस, गूगलचा कोर्स की क्लासचं वर्षभराचं पॅकेज?

प्रश्न | हिशेबनीस_२९

नमस्कार मंडळी. वय २९, शिक्षण वाणिज्य शाखेचं, सहा वर्षं अकाउंट्समध्ये एंट्री करतोय. आमच्याकडे आयटीचा माणूस आठवड्यातून एकदाच येतो. मधल्या दिवसांत प्रिंटर अडकला, शेअर्ड फोल्डर उघडेना, आउटलुक सारखा पासवर्ड मागायला लागलं की हाक मलाच येते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, त्याआधी आमची १८ मशिन्स बदलली. त्या कामात मी दोन शनिवार त्या आयटीच्या माणसाच्या हाताखाली होतो. डेटा हलवणं, प्रिंटर पुन्हा लावणं, कोणाचं काय राहिलं ते टिपून ठेवणं. तेव्हापासून मन त्याच कामात, म्हणजे लोकांच्या कॉम्प्युटरच्या अडचणी सोडवणाऱ्या हेल्पडेस्कमध्ये, अडकलंय.

आता समोर तीन वाटा आहेत. कॉम्पटिया या संस्थेचं ए प्लस, म्हणजे कॉम्प्युटर सपोर्टचं सुरुवातीचं प्रमाणपत्र, घरी अभ्यास करून. गूगलचा आयटी सपोर्टचा ऑनलाइन कोर्स. किंवा एका क्लासचं बारा महिन्यांचं पॅकेज: हार्डवेअर, ए प्लस, एन प्लस (कॉम्पटियाचं नेटवर्कचं), एमसीएसई (मायक्रोसॉफ्टचं), सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्कचं), सगळं एकत्र, वर '१०० टक्के नोकरी'. आठवड्याभरात पूर्ण फी भरली तर सवलत म्हणतात. घरचे म्हणतात क्लासच लाव, शिस्त लागेल. हातातली नोकरी सोडता येणार नाही, रोज संध्याकाळी दीड-दोन तास काढू शकतो.

आयटीची पदवी नाही. अर्ज पहिल्या चाळणीतून सुटावा आणि मुलाखतीत टिकाव लागावा, यासाठी यातलं काय धरू?

उत्तर | रात्रपाळी

मी गूगलचा कोर्स केला आहे. २०१८ पासून तो कोर्सेरावर आहे. सपोर्टची मूळ तत्त्वं, नेटवर्किंग, ऑपरेटिंग सिस्टिम, सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशन आणि सुरक्षा असे त्याचे मूळ पाच भाग. अगदी शून्यापासून सुरू होतो आणि नेटवर्किंगचा भाग तर फारच नीट समजावलाय. डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता शोधून देणारी व्यवस्था) म्हणजे नक्की काय, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. पण कोणी समोर बसून परीक्षा घेत नाही, त्यामुळे मुलाखत घेणारे त्याला 'अभ्यास केलाय' एवढंच मानतात. मला नोकरी लागली ती कोर्सनंतर ए प्लस दिल्यावर. तुम्ही १८ मशिन्स हलवली आहेत, म्हणजे शून्यावर नाही. थेट ए प्लसला बसलात तरी चालेल.

उत्तर | डेस्क_लीड

१४ वर्षं सर्व्हिस डेस्कवर आहे आणि त्यातली शेवटची सहा वर्षं मुलाखतीही घेते आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी क्लासचं, कारण तिथे तुमची घाई केली जातेय. पॅकेजमध्ये एमसीएसई आहे ना? मायक्रोसॉफ्टने एमसीएसई आणि तिच्याखालची एमसीएसए ३१ जानेवारी २०२१ ला बंद केली. त्या परीक्षा आज कुठेच देता येत नाहीत. मायक्रोसॉफ्टची आताची प्रमाणपत्रं कामाच्या भूमिकेप्रमाणे असतात. कंपनीतले लॅपटॉप आणि मोबाइल सांभाळणाऱ्यासाठी एमडी-१०२ आहे, ते दर वर्षी ऑनलाइन आणि फुकट नवं करून घेता येतं. जे बंद पडून इतकी वर्षं झाली ते अजून माहितीपत्रकात छापणाऱ्यांच्या हाती मी वर्ष सोपवणार नाही.

तरीही जाऊन बघणार असाल तर विचारा, ए प्लस कोणत्या कोडचं शिकवता? उत्तर २२०-१२०१ आणि २२०-१२०२ यायला हवं. ही जोडी मार्च २०२५ मध्ये आली, जुनी ११०१-११०२ सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली. मग चालू बॅचची लॅब बघा आणि एका मशीनभोवती किती जण बसलेत ते मोजा. नोकरीच्या हमीचं म्हणाल तर कोणतं पद, किती दिवसांत आणि नाही मिळालं तर फी परत का, हे लेखी मागा.

आणखी एक. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी 'डम्प' देतो म्हणाले तर तिथूनच उठा. माझ्या धाकट्या भावाला एका क्लासने चोरलेल्या प्रश्नांचा गठ्ठा दिला होता. पोरगं पास झालं आणि पहिल्याच मुलाखतीत, पासवर्ड विसरणं आणि अकाउंट लॉक होणं यात फरक काय, एवढ्यावर अडकलं. शिवाय असे प्रश्न वापरणं कॉम्पटियाच्या नियमांविरुद्ध आहे, प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं. त्याचं ते हिरमुसलेलं तोंड आठवलं की मला आजही राग येतो, कारण मुलगा मेहनती होता, त्याची मेहनत चुकीच्या कागदांवर खर्च करवली.

तुमच्यासाठी माझं मत ए प्लस. दोन परीक्षा, प्रत्येकी ९० मिनिटं आणि जास्तीत जास्त ९० प्रश्न. गुणांची पट्टी १०० ते ९००, पहिलीला ६७५ लागतात, दुसरीला ७००. दोन्ही एकाच मालिकेतल्या हव्यात. पर्यायांच्या प्रश्नांसोबत काही प्रश्न स्क्रीनवर प्रत्यक्ष करून दाखवायचे असतात, आणि बरेच जण तिथेच वेळ घालवून बसतात. अडलात तर खूण करून पुढे जा, शेवटी परत या. प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं.

ते घोकंपट्टीचं आहे असं लोक म्हणतात. मलाही वाटायचं. लेझर प्रिंटरचे सात टप्पे मी निव्वळ मार्कांसाठी पाठ केले होते. पुढे डेस्कवर एक फोन आला: छपाई स्वच्छ येते, पण बोट फिरवलं की अक्षरं पुसली जातात. ऐकल्याऐकल्या कळलं की टोनर कागदावर बसतोय, भाजला जात नाहीये, म्हणजे टोनर तापवून कागदावर पक्का करणारा फ्युझर बिघडलाय. दुसऱ्या कोणी तोवर दोन टोनर बदलून पाहिले होते. ए प्लस तुम्हाला असा नकाशा देतं, बिघाड नेमका कोणत्या टप्प्यावर असू शकतो याचा. तो उगाच मिळत नाही.

पण नोकरी मिळते ती पुढच्या पायरीवर. मी मुलाखतीत एक स्क्रीनशॉट दाखवते: आयपीकॉन्फिग या विंडोजच्या आज्ञेचं आउटपुट, मशीनचा नेटवर्कमधला पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा. 'हे काय?' म्हटलं की बहुतेक जण बरोबर सांगतात, मशिन्सना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून पत्ता मिळाला नाही म्हणून विंडोजने स्वतःच घेतला. मग मी विचारते, 'फोनवर समोर एक घाबरलेला माणूस आहे. आता त्याला काय विचाराल?' इथे फरक दिसतो. काही जण आज्ञा म्हणायला लागतात, रिलीज, रिन्यू, फ्लश. ज्याने काम केलंय तो आधी विचारतो, शेजारच्या टेबलावर चालतंय का? चालत असेल तर बिघाड या एका मशीनचा, केबलचा किंवा भिंतीतल्या पोर्टचा. सगळ्यांचंच बंद असेल तर त्या माणसाला केबल काढायला लावण्यात अर्थ नाही, नेटवर्कचा स्विच किंवा डीएचसीपी सर्व्हर बघायला हवा. 'सकाळपासून टेबल हलवलंय का?' असं एका मुलीने विचारलं होतं. तिच्याकडे तेव्हा एकही प्रमाणपत्र नव्हतं. आम्ही तिला घेतलं आणि ए प्लस नंतर करून घेतलं.

म्हणून अभ्यासाच्या जोडीला घरी लॅब उभी करा. एकाच कॉम्प्युटरवर अनेक आभासी मशिन्स चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस चालते, विंडोज ११ एंटरप्राइझची ९० दिवस. १६ जीबी रॅम असेल तर आरामात, ८ मध्ये ओढाताण होईल. सर्व्हरवर ॲक्टिव्ह डिरेक्टरी (कंपनीतली खाती आणि मशिन्स एका जागेवरून सांभाळणारी यंत्रणा) बसवा, दहा खोटे कर्मचारी तयार करा, दुसरं मशीन तिच्या डोमेनला, म्हणजे तिने सांभाळलेल्या गटाला, जोडा. मग मुद्दाम मोडा. चुकीचा पासवर्ड टाकून अकाउंट लॉक करा, डीएचसीपी बंद करा, फोल्डरच्या परवानग्या काढून घ्या. प्रत्येक बिघाडाचं टिकिट लिहा: तक्रार काय, काय तपासलं, कारण काय निघालं, काय केलं, पुन्हा चालतंय याची खात्री कशी केली. अशी तीस टिकिटं असलेली वही घेऊन कोणी समोर बसलं तर माझे निम्मे प्रश्न त्या वहीतूनच निघतील.

आणि ती सहा वर्षं अर्जात एका ओळीत उरकू नका. महिनाअखेरीला शेअर्ड फोल्डर बंद पडला तर अकाउंट्सची काय गत होते हे तुम्ही भोगलंय. डेस्कवर नव्या माणसाला आम्हाला हेच शिकवावं लागतं, की कोणतं टिकिट आधी घ्यायचं. १८ मशिन्सचं स्थलांतर तर सविस्तरच लिहा: किती मशिन्स, तुमच्याकडे काय होतं, काय अडलं, कसं सोडवलं.

उत्तर | स्विचपोर्ट

माझं मत वेगळं. ए प्लस सोडा, थेट सीसीएनए करा. २००-३०१ ही एकच परीक्षा आहे, तीन वर्षं चालते, आणि नेटवर्क पक्कं असलं की हेल्पडेस्कवर फार दिवस राहावं लागत नाही. मी तसंच केलं.

उत्तर | डेस्क_लीड

तुमची वाट चुकीची नाही. नेटवर्कमध्येच जायचं पक्कं असेल तर मीही हेच सांगेन. पण यांना वापरणाऱ्यांची मशिन्स सांभाळायला आवडतंय, आणि सीसीएनएत प्रिंटर, लॅपटॉप, विंडोज येत नाही. रोजच्या दीड तासात ओएसपीएफ आणि सबनेटिंग हे नेटवर्कचे खोल विषय करत बसले तर पहिला अर्ज करायलाच वर्ष जाईल. सिस्कोने २०२३ मध्ये त्याखालची सीसीएसटी ही सुरुवातीची पायरी आणली आहे, नेटवर्किंगची चव बघायची तर ती बघा.

हिशेबनीस, एक काम आजच करा. तुम्ही अर्ज कराल अशा पदांच्या तीस जाहिराती वाचा आणि कोणतं नाव किती वेळा येतं त्याच्या रेघा ओढा. आमच्या इथल्या मतांपेक्षा त्या रेघा तुमच्या जास्त कामाच्या आहेत.

उत्तर | हिशेबनीस_२९

पाच आठवड्यांनी लिहितोय. क्लासमध्ये गेलो होतो. ए प्लसचा कोड विचारला तर समोरच्यांनी आतून कोणाला तरी बोलावलं, त्यांनी ११०१ सांगितलं. नोकरीच्या हमीचा कागद 'प्रवेश घेतल्यावर देतो' म्हणाले. नमस्कार करून निघालो. घरच्यांना तीच दोन उत्तरं सांगितली, त्यांनाही पटलं.

तीस जाहिरातींत सर्वांत जास्त रेघा ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणि टिकिटिंगच्या पुढे पडल्या, मग मायक्रोसॉफ्ट ३६५. प्रमाणपत्रांत ए प्लस पुढे, सीसीएनए फक्त चार ठिकाणी. १२०१ चा अभ्यास सुरू केलाय.

लॅबमध्ये मात्र तीन संध्याकाळी गेल्या. सर्व्हर आणि विंडोज ११, दोन्ही मशिन्सचा पत्ता १०.०.२.१५. पत्ते एकच, तरी कुठे तक्रार नाही, दोघांवर इंटरनेटही चालतंय, पण एकमेकांना पिंग (पोहोचतंय का बघणारा संदेश) जात नाही. मी सर्व्हरची फायरवॉल बंद करून पाहिली, विंडोज पुन्हा टाकून पाहिलं. शेवटी कळलं की व्हर्च्युअलबॉक्स सुरुवातीला प्रत्येक मशीनला स्वतंत्र नॅटच्या, म्हणजे पत्ता बदलून बाहेर नेणाऱ्या आडोशाच्या, मागे ठेवतं, त्यामुळे दोघांना एकमेकांचा पत्ताच नाही. दोन्ही इंटर्नल नेटवर्कवर टाकली, हाताने पत्ते दिले, पिंग लागलं.

तरी डोमेन सापडेना. पिंग लागतंय पण डोमेन नाही, म्हणजे वाट आहे आणि नाव कळत नाहीये, असं वाटलं म्हणून डीएनएस बघितलं. क्लायंटवर तिथे बाहेरच्या सर्व्हरचा पत्ता होता. तो काढून माझ्याच सर्व्हरचा टाकला आणि डोमेनला जोडलं गेलं. टिकिट क्रमांक १ आणि २ लिहिली आहेत.

उत्तर | डेस्क_लीड

फार बरं वाटलं वाचून. टिकिट १ मध्ये फायरवॉल आणि विंडोज पुन्हा टाकणं हेही लिहा, खोडू नका. काय केल्याने उपयोग झाला नाही, हे वाचून पुढच्या माणसाची संध्याकाळ वाचते. आणि फायरवॉल परत चालू केलीत ना, ते तपासा.

टिकिट ३ साठी: आधी क्लायंटवर व्हर्च्युअलबॉक्सचं वेळ जुळवणं बंद करा, मग त्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढे करा, डोमेनच्या खात्याने लॉगिन करून सर्व्हरवरचा शेअर्ड फोल्डर उघडा. अडलं तर चुकीचा संदेश जसाच्या तसा उतरवा आणि इथे टाका. उघडला, तर घड्याळ पुन्हा बघा, ते आपोआप परत जागेवर आलंय का. जे दिसलं ते का झालं, तेच टिकिटात लिहा.