मदत हवी आहे: या फ्लेक्सची तक्रार कुठे करू?

कर्वे रस्त्यावर एका सिक्युरिटी एजन्सीचा फ्लेक्स लागलाय. नेपाळी ढाका टोपी घातलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर लाल फुली, खाली 'सीमेपलीकडचे वॉचमन नकोत!' आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका नेपाळचेच; दूध आणायला त्याच फ्लेक्सखालून जातात. १९५० च्या भारत-नेपाळ करारानुसार त्यांना इथे राहायची, कामधंदा करायची मुभा आहे. ते घुसखोर नाहीत! धंद्यासाठी लोकांच्या मनात असं विष कालवणं मला अजिबात सहन होत नाही.

फ्लेक्सचा परवाना महापालिकेचा आकाशचिन्ह विभाग देतो, पण मजकुराचं काय? तिथेच अर्ज द्यावा की जाहिरातींच्या तक्रारी घेणाऱ्या एएससीआयकडे? की सरळ पोलीस चौकी? कुणी अशी तक्रार केली असेल तर कृपया सांगा. फोटो काढून ठेवलाय, परवाना क्रमांक मात्र त्यावर कुठेच दिसत नाही.