ऑफिसची दिवाळी पार्टी, सक्तीचे खेळ आणि कोपऱ्यात बसणारे आम्ही

निशिगंधा_आर
परवा इथेच एकांनी लिहिलं होतं की, दिवाळी पार्टीत कोपऱ्यात खुर्ची धरून बसणारे लोक टीमचा उत्साह मारतात, त्यांची नावं मॅनेजरने लक्षात ठेवावीत आणि अप्रेझलच्या वेळी विचारावं. खाली लाइकच्या अंगठ्यांची रांग लागली होती. गप्प बसायचं ठरवलं होतं, राहवलं नाही.

त्या कोपऱ्यातल्यांपैकी मी एक. मला दिवाळी आवडते, फराळ आवडतो, ऑफिसच्या दारातली रांगोळी दरवर्षी मीच काढते. मला नको आहे तो पेपर डान्स. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या, जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, गाणं थांबलं की एक घडी. तिसऱ्या घडीला कागद वहीएवढा होतो आणि मग पुरुषाने बाईला उचलायचं. आमच्याकडे एका नव्या मुलीच्या वाट्याला तिचाच मॅनेजर आला. ओढणी कमरेला खोचलेली, चेहरा हसरा, पण दोन्ही हात छातीशी घट्ट आवळलेले. सगळं ऑफिस 'उचल, उचल' ओरडतंय, मोबाइल वर धरलेले. तिने नाही कुणाला म्हणायचं होतं? त्याच माणसाच्या हातात तिचं रेटिंग होतं.

'ऑफिसबाहेरचं आहे, चालायचंच' हे पुन्हा कुणी सांगू नका. लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा कामाच्या निमित्ताने जिथे जावं लागतं ती जागाही कामाचीच धरतो, कंपनीने दिलेल्या गाडीसकट. पार्टी ठेवलेला रिसॉर्टही त्यातून सुटत नाही.

फ्रान्समध्ये तर हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पॅरिसच्या एका सल्लागार कंपनीने 2015 मध्ये एका माणसाला काढलं. ठपक्यांपैकी एक असा की, तो कंपनीच्या मौजमजेत मिसळत नाही. मौजमजा म्हणजे भरपूर दारू आणि वीकेंडचे कार्यक्रम. नोव्हेंबर 2022 मध्ये न्यायालयाने सांगितलं की, त्यात भाग न घेणं हे त्याचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, त्यावरून नोकरी घेता येत नाही.

पार्टी करा, जरूर करा. कोण नाचलं आणि कोण नाही याची नोंद ठेवू नका, एवढंच मागणं आहे.

प्राची_हिंजवडी
मी एचआरमध्ये आहे, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे. पेपर डान्सबद्दल वाद नाही, तो घाणेरडा खेळ आहे. पण तुम्ही एका खेळावरून सगळ्यालाच झोडपताय. पार्टी ठेवली की 'सक्ती', नाही ठेवली की 'कंपनी चिक्कू'. दोन्ही तक्रारी मला बऱ्याचदा एकाच माणसाकडून येतात.

आमच्याकडे वाशिमचा एक मुलगा लागला. क्लायंट अमेरिकेतला, त्यांना दिवाळीची सुट्टी नाही, म्हणून यालाही गावी जाता आलं नाही. पीजीत एकटा, कॅंटीनमध्ये एकटा, कानात इअरफोन. हाउजीला मी त्याला जवळजवळ ओढूनच आणलं. त्याला अर्ली फाइव्ह, म्हणजे तिकिटावरचे पहिले पाच आकडे लागले, मग पुढचे आकडे पुकारायला उभा केला, तर गड्याने वऱ्हाडी ठसक्यात असे पुकारले की लोक तिकिटं खाली ठेवून ऐकत बसले. दुसऱ्या दिवसापासून त्याला जेवायला हाक मारणारे चार जण झाले. 'तुझी इच्छा' म्हणून सोडलं असतं तर तो आलाच नसता. आपल्याकडे पंगतीला बसलेल्यालाही आग्रह करावा लागतो, तेव्हा कुठे तो दुसरी पोळी घेतो.

जुना_टर्नर
भोसरीत लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशिनवर, माझी हयात गेली. आमच्याकडे इव्हेंटवाला नव्हता की माईक नव्हता. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पाळी लवकर सुटायची. मशिन बंद करून डिझेलचा बोळा घ्यायचा, मशिनच्या बेडवरचं वर्षाचं काळं तेल उतरवायचं, चकच्या फटीत अडकलेला लोखंडाचा कीस एकेक करून काढायचा. सकाळी पाटावर व्हर्नियर, मायक्रोमीटर, स्पॅनर मांडून हळदकुंकू, मशिनला झेंडूचा हार. मालक, सुपरवायझर आणि हेल्पर एकाच रांगेत प्रसाद घ्यायचे. घरची माणसं यायची. मी दिवसभर कुठे उभा असतो हे माझ्या मुलीने त्या दिवशी पाहिलं. कुणाला 'नाच' म्हणायची वेळ आली नाही, कारण प्रत्येकाच्या हाताला काम होतं.

आता खरं दुखणं सांगतो. पार्टीच्या फोटोत गेटवरचा गार्ड आणि झाडणाऱ्या मावशी कुठे असतात? माझा भाचा ठेकेदारामार्फत एका आयटी कंपनीच्या गेटवर आहे. दिवाळी पार्टीला त्याने रात्री उशिरापर्यंत साहेबांच्या गाड्या लावून दिल्या. मिठाईचा पुडा नाही, बोनस नाही. पेपर डान्सचं नंतर बघू, आधी हे बोला.

कोरडा_पाऊस
सणांचा विषय निघालाच आहे तर नवरात्राचे नऊ रंगही बंद करा. एका मराठी दैनिकाने चालू केलेला अलीकडचा प्रकार, ना पोथीत ना पुराणात. आणि ऑफिसात धर्माचरण चुकल्यासारखं विचारतात, 'आज राखाडी का नाही?' माझी बायको दरवर्षी एकदाच नेसायच्या साड्या विकत घेते, फक्त लिफ्टसमोरच्या ग्रुप फोटोसाठी. या खर्चाचं कुणी बोलत नाही.

म्युनिकचा_मध्या
इकडे जर्मनीत डिसेंबरात जवळजवळ प्रत्येक कंपनीची नाताळ पार्टी असते. कराचे नियमसुद्धा ठरलेले आहेत. वर्षातून दोन समारंभ, माणशी 110 युरोपर्यंत करमुक्त, आणि कार्यक्रम सगळ्या कर्मचाऱ्यांना खुला हवा. जायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. कामाच्या वेळेत असेल आणि जायचं नसेल तर आपल्या जागेवर काम करत बसायचं. माझा शेजारी टेबलवाला कधीच जात नाही. त्याला पगारवाढ मिळते, बढतीही मिळाली. कुणाच्या मनातही येत नाही विचारायचं.

लालबागची_नात
टर्नर काका, तुम्ही बोनस म्हणालात म्हणून लिहिते. दिवाळीचा बोनस कुणी आपण होऊन हक्क म्हणून दिलेला नाही. पहिल्या महायुद्धाच्या तेजीत मुंबईच्या गिरण्या बोनस देत होत्या. तेजी ओसरली, मालकांनी हात आखडला आणि 1924 च्या सुरुवातीला दीडेक लाख गिरणी कामगार संपावर गेले. या वादासाठी नेमलेल्या मॅक्लिऑड समितीने निकाल दिला की, बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही. माणसं रिकाम्या हाताने परत कामावर गेली. तो हक्क मिळाला 1965 च्या कायद्याने, नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा वेतन संहितेने घेतली. जिथे 20 किंवा जास्त माणसं तिथे कमीत कमी 8.33 टक्के, म्हणजे वर्षाकाठी एक पगार. वर्षात 30 दिवस भरलेला माणूसही पात्र. ठेकेदाराचा कामगार त्यातून वगळलेला नाही, त्याच्या हातात ते पडू दिलं जात नाही.

1982 च्या संपाची ठिणगीसुद्धा आदल्या दिवाळीच्या बोनसवरून पडली. माझे आजोबा त्या संपात घरी बसले ते कायमचे. त्यामुळे कंपनीने बोनसच्या जागी हाउजी आणि कॉफीचा मग दिला की माझ्या डोक्यात जातं.

कुपवाडचा_कारखानदार
ताई, अर्धवट माहिती देऊ नका. 'एक पगार' नाही. 1965 च्या कायद्यात हिशोब महिना 7,000 रुपये किंवा किमान वेतन, जे जास्त असेल त्यावर व्हायचा. 21,000 च्या वर पगार असेल तर माणूस त्या कायद्यात बसतच नव्हता. नव्या कारखान्याला पहिल्या पाच वर्षांत नफा नसेल तर सूटही आहे.

आणि मालक म्हणजे राक्षस हे चित्र बंद करा. माझ्याकडे 35 माणसं आहेत. मोठ्या कंपन्या माझा माल उचलतात आणि पैसे 90-90, 120-120 दिवसांनी देतात. लघुउद्योगांचा 2006 चा कायदा 45 दिवस म्हणतो. तक्रार केली की पुढची ऑर्डर बंद. एका दिवाळीला बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून मी बोनस वाटला. त्या दिवशी मलाही कुणी पेढा दिला नाही. गार्ड ठेकेदाराचा असेल तर त्याचा बोनस ठेकेदाराने द्यायचा, मी दोनदा कशाला देऊ?

जुना_टर्नर
साहेब, दोनदा कुणी मागितला? ठेकेदाराला तुम्ही बिल देता तेव्हा त्यात बोनसची रक्कम धरलेली असते की नाही? धरलेली असेल तर ती माझ्या भाच्यापर्यंत पोचली का, हे एकदा तरी विचारलंत? सगळ्यात स्वस्त ठेकेदार निवडायचा आणि मग 'ते त्याचं' म्हणायचं. वहिनींच्या पाटल्यांबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण तुमचा पैसा मोठ्या कंपनीने थकवला याचा राग गेटवरच्या पोराने का सोसायचा?

कुपवाडचा_कारखानदार
मी थकवतो असं मी कुठे म्हणालो? तुम्ही मला न ओळखता आरोप करताय. जरा जपून बोला.

जुना_टर्नर
विचारलंत का, एवढंच विचारलं. उत्तर अजून आलं नाही.

सुमेधा_करवीर
तुम्हा दोघांचं चालू द्या. मला मूळ विषयावर बोलायचं आहे. इथे सगळे 'बळजबरीने ओढतात' म्हणताय. आमच्याकडे उलटं होतं. संक्रांतीनंतर ऑफिसात हळदीकुंकू असतं. हिशोब विभागातल्या आमच्या एका ताईंचे यजमान कोविडात गेले. वाण वाटणारीचं ताट रांगेतल्या प्रत्येक टेबलाशी थांबलं आणि त्यांच्या टेबलाला वळसा घालून पुढे गेलं. त्या स्क्रीनवर जीएसटीचं रिटर्न भरत राहिल्या, मान वर केली नाही. वाटणारी बाई वाईट नव्हती, तिला तसंच शिकवलेलं.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. एका गावाला जे जमलं ते शिकल्यासवरल्यांच्या ऑफिसला जमत नाही? पुढच्या वर्षी मी वाणाचं ताट स्वतः घेतलं आणि पहिलं वाण त्या ताईंना दिलं. दोघी उठून गेल्या. जाऊ देत.

प्राची_हिंजवडी
सुमेधाताई, हे वाचून थांबले. आमच्याकडे हळदीकुंकू कंपनीच्या नावाने होत नाही, बायका आपापसांत करतात, म्हणून मी त्यात कधी लक्ष घातलं नाही. घालायला हवं.

निशिगंधा, हजेरी आणि अप्रेझल यांचा संबंध नको, हे मान्य. ते लिहिणारे एचआरमधले असतील तर त्यांनी दुसरं काम शोधावं. पण 'सगळं ऐच्छिक' यावर मी सही करणार नाही. तुम्हाला ओळखी आहेत, मराठी बोलणारी माणसं अवतीभवती आहेत, तुम्हाला कोपरा परवडतो. नवीन पोरांना नाही परवडत.

निशिगंधा_आर
हा मुद्दा मला खोडता येत नाही, आणि याचा मला रागही येतोय. ठीक, आग्रह करा. पण टेबलाशी येऊन एकदा करा. माईकवर नाव पुकारून करू नका, कारण माईकवर पुकारलेल्याला नाही म्हणता येत नाही. अंगाला हात लागेल असा एकही खेळ नको. मॅनेजर आणि त्याच्या हाताखालचं माणूस एका जोडीत नको, मग अंताक्षरी का असेना. आणि व्हिडिओ ग्रुपवर टाकण्याआधी त्यात दिसणाऱ्याला विचारा. त्या मुलीचा पेपर डान्स अजून ग्रुपवर आहे.

कुपवाडचा_कारखानदार
काल उत्तर दिलं नव्हतं, आज देतो. ठेकेदाराला फोन केला. बिलात रक्कम धरलेली आहे. वाटल्याच्या सह्या मागितल्या तर म्हणतो, पुढच्या आठवड्यात देतो. मी सह्या मागणार आहे. टर्नर साहेबांचा सूर मला पटलेला नाही, तो आजही पटत नाही.

जुना_टर्नर
सूर राहू द्या, सह्या घ्या. सही आणि बँकेतली नोंद दोन्ही ताडून बघा, सह्या कुणीही ठोकतं.

प्राची_हिंजवडी
काका, पुड्यांसाठी मी या वर्षी बजेटमध्ये गार्ड आणि हाउसकीपिंगची माणसं धरून आकडा मागितलाय. मिळेलच असा शब्द देत नाही. ठेकेदाराकडून नावांची यादी मागवली आहे.

जुना_टर्नर
यादी ठेकेदाराकडून घेऊ नका, गेटवरच्या हजेरी रजिस्टरवरून करा. त्याच्या यादीत रात्रपाळीची आणि बदलीची माणसं नसतात.