येडशी-रामलिंगचं जंगल निवांत बघायचं आहे, सोबत आई आहे. कधी जावं?

औसेकर_पुणे

नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे औसा तालुक्यातले, नोकरीमुळं पुण्यात. टेंभुर्णी-कुर्डुवाडी-बार्शीमार्गे गावाकडं जाता-येता धाराशिव जिल्ह्यातला येडशीचा घाट लागतो आणि आई हमखास म्हणते, "इथं उतरू, जरा झाडाखाली बसू." यंदा तिला फक्त त्यासाठीच घेऊन जायचंय. तिचं वय बहात्तर, गुडघे दुखतात, पण शेतात आयुष्य गेल्यामुळं मोकळ्यावर गेली की चेहरा उजळतो. मुलगा दहा वर्षांचा आहे, पक्ष्यांचं वेड आहे त्याला.

व्हिडिओ बघितले तर रामलिंगाच्या देवळाजवळ तुफान गर्दी आणि कुणाच्या तरी स्पीकरवर गाणी. आम्हाला तसं नको आहे. पावसात जावं की पाऊस उघडल्यावर? वाघ आलाय म्हणतात, मग जावं का नाही? मुक्काम करणार नाही, औशाहून सकाळी निघून संध्याकाळी परत. त्या भागात राहणाऱ्यांनी सांगितलं तर बरं होईल.

बार्शीवाला

श्रावणातच जा. धबधबा जोरात असतो, सगळं हिरवंगार. सोमवारी दर्शनाला गर्दी असते पण वातावरण भारी असतं. नंतर गेलात तर बघायला काही राहत नाही.

घाटमाथ्यावरची

बार्शीवाले दादा, श्रावणातलं रामलिंग आम्हालाही प्रिय आहे, सोमवारी आम्हीही जातो. रावणाला अडवताना जटायू इथंच पडला आणि रामानं बाण मारून त्याच्यासाठी पाणी काढलं, हे ऐकतच आम्ही मोठे झालो. पण या भावाला आईला घेऊन निवांत बसायचंय. देऊळ खाली घळीत आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. श्रावणात त्या ओल्या असतात, त्यात मागून रेटारेटी. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला मी तेव्हा नेणार नाही.

भाऊ, माझं माहेर पांगरीकडचं आणि सासर येडशीजवळ. आमच्या शेताचा वरचा बांध जंगलाला लागून आहे, त्यामुळं जे सांगते ते रोजच्या बघण्यातलं.

मार्गशीर्षात या. पौष लागला तरी हरकत नाही. तेव्हा घळीतलं पाणी पार कमी झालेलं असतं, धबधबा नसतो, आणि म्हणूनच माणसंही नसतात. सकाळी नऊपर्यंत स्वेटर लागतो, दुपारचं ऊन सोसवतं. झाडांची पानं पिवळी पडायला लागलेली असतात पण सगळी झडलेली नसतात. धावडा, खैर, पळस, आपटा, बोर, सीताफळ असं आमचं रान आहे. बालाघाटाच्या काळ्या दगडावर कुठं वीतभर, कुठं हातभर मुरूम, त्यात ही झाडं उभी आहेत. कोकणातून किंवा महाबळेश्वराकडून आलेल्या पाहुण्यांना हे रान खुरटं वाटतं. मला ते तसं कधीच वाटलेलं नाही. आठ महिने पाण्याविना उभं राहणाऱ्या झाडाची उंची मोजायची नसते, त्याची साल आणि बुंधा बघायचा असतो. आईंना हे सांगायची गरज पडणार नाही, त्यांनी असली झाडं बांधावर जपली असतील.

आता माझं ठाम मत सांगते, पटलं तर घ्या. हे अभयारण्य लहान आहे, जेमतेम बावीस चौरस किलोमीटर, १९९७ साली जाहीर झालेलं. ते आत घुसून बघण्यापेक्षा कडेनं बघावं. झाडं संपून ज्वारी सुरू होते तिथं सगळी ये-जा चालू असते. होले आणि पोपट कणसांवर येतात, कोतवाल जनावरांच्या मागं मागं किडे टिपत फिरतो, नीलकंठ तारेवर बसून खाली झेपावतो. सकाळी उन्हं आली की मोर-लांडोरी बांधावर उतरतात. रात्री रानडुकरं आणि हरणं येऊन जातात, सकाळी ओल्या मातीत खूर दिसतात. मुलाला पक्षी हवेत ना? मग त्याला बांधावर उकिडवा बसवा, दुर्बीण द्या आणि तासभर कुणी बोलू नका. आत चालून चालून जे दिसणार नाही ते तिथं बसून दिसेल. आईंचे गुडघेही वाचतील.

मोराचं मात्र त्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर हिरमुसेल. पावसाळा सरता सरता मोराची लांब पिसं गळतात. मार्गशीर्षात तुम्हाला निळ्या मानेचा, अपुऱ्या पिसाऱ्याचा मोर दिसेल. नाच बघायचा असेल तर मृगाच्या आगेमागे परत यावं लागेल.

आणि त्या दिवसांतली एक गंमत आहे जी पावसाळ्यात मिळत नाही. माळावरचं कुसळी गवत वाळलेलं असतं. त्याची कुसळं पायमोज्यात, लुगड्याच्या काठात शिरतात, सगळे वैतागतात. त्यातलं एक कुसळ घ्या. खाली टोकदार काळपट बी, वर पिळाच्या सुतळीसारखी लांब शेपटी. तळहातावर पाण्याचा थेंब टाकून ते त्यावर ठेवा. थोड्या वेळात ते आपसूक फिरायला लागतं, पीळ उलगडत जातो. पाऊस पडला की बी असंच फिरत फिरत जमिनीत घुसतं, पेरायला कुणी लागत नाही. माझा मुलगा लहानपणी हे तासन्‌तास करत बसायचा.

वाघाचं विचारलंत. अफवा नाही, खरं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये वनखात्याच्या कॅमेऱ्यात तो पहिल्यांदा दिसला. यवतमाळच्या टिपेश्वरहून सुमारे पाचशे किलोमीटर चालत आला. त्याला पकडायला पथकंही आली होती. आमच्या भागातली काही जनावरं गेली, भीती वाटली, अजूनही अंधार पडायच्या आत आम्ही शेतातून घरी येतो. पण तो आला याचं मला बरंही वाटतं. शेतं, रस्ते, रूळ, नद्या ओलांडत एवढ्या लांबून आलेल्या जनावराला थांबावंसं वाटलं ते आमच्या रानात. तुम्ही एवढंच करा: ज्या दिवशी येणार त्या दिवशी वनखात्याच्या माणसांना विचारा, ते म्हणतील तिथंच थांबा, झाडीत एकटं-दुकटं शिरू नका, मुलाला पुढं पळू देऊ नका आणि चारच्या सुमारास निघा.

देवळापाशी माकडं फार आहेत. हातात पिशवी, प्रसाद, केळी काही दिसू देऊ नका आणि खायला घालू नका. घालणाऱ्यांमुळंच ती अंगावर यायला शिकलीत. म्हातारी माणसं दचकून पायरीवरून पडतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

छोटी_लाईन

घाटमाथ्यावरच्या ताईंनी छान लिहिलंय. मी रेल्वेतून निवृत्त झालोय, या मार्गावर बरीच वर्षं काढली, म्हणून थोडी भर घालतो.

औसेकर, तुमच्या आईंना लातूरची छोटी रेल्वे आठवत असणारच. बार्शी लाईट. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, तिथून बार्शीपर्यंत सुरू झाली आणि १९११ पर्यंत लातूरला पोचली. दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर. येडशीचा घाट चढताना तिचा वेग असा पडायचा की खिडकीतून एकेक झाड ओळखता यायचं. सीताफळाच्या दिवसांत टोपल्या घेऊन बाया चढायच्या, अख्खा डबा त्या वासानं भरायचा. आता मोठी लाईन झाली, गाडी भर्रकन निघून जाते. आईंना एकदा विचारा, त्यांच्याकडं नक्की काहीतरी निघेल. झाडाखाली बसायचंच आहे तर सोबत या गोष्टी असू द्या.

दुसरं, पाण्याबद्दल. ताई म्हणाल्या मार्गशीर्षात घळीत पाणी कमी असतं. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात तर मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी याच मार्गानं गेली. पहिल्या खेपेला टाक्यांचे दहा डबे, पाच लाख लिटर. ती गाडी घाटातून जाताना मी बघितली आहे. दोन्ही बाजूंना करडं रान आणि मधून पाणी चाललंय. तेव्हापासून या डोंगरातला पाण्याचा एखादा डोहसुद्धा मी थांबून बघतो. बालाघाट म्हणजे पाणलोटाची सीमा आहे. एकीकडचं पाणी तेरणा-मांजरा करत गोदावरीला जातं, दुसरीकडचं सीनेतून भीमेला. मुलाला नकाशा काढून दाखवा, त्या वयात असल्या गोष्टी पक्क्या बसतात.

औसेकर_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. बार्शी लाईटचं नाव काढल्यावर अर्धा तास बोलत होती, तिची पाठवणी त्याच गाडीनं झाली होती, हे मला पहिल्यांदाच कळलं.

ती म्हणते मार्गशीर्षात जायचंच तर येळवस, म्हणजे दर्शवेळा अमावस्या, धरून जाऊ. त्या दिवशी तुमच्याकडं कुणाच्या शेतात गेलं तर चालतं का? आमचं शेत आता वाट्यानं दिलंय, पूजेची कोप (खोपी) घालणारं कुणी राहिलं नाही. आणि जेवणाचं काय करावं? घाटात हॉटेलात तिला काही मानवत नाही.

घाटमाथ्यावरची

येळवशीला या म्हणजे फारच चांगलं. चालतं का म्हणून काय विचारता, त्या दिवशी शेत नसलेल्या माणसाला बोलवून जेवू घालणं हीच रीत आहे. दर्शवेळा अमावस्येला लातूर-धाराशिवकडं गावं ओस पडतात आणि शेतं भरतात, हे तुमच्या आईंना ठाऊक आहेच. ज्वारीच्या पाच-सात ताटांची नाहीतर कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, पुढं आंबिलाचं बिंदगं (मडकं).

पण तुम्हाला एक सांगते. त्या दिवशी माणसं सगळीकडं असतात, जंगलाच्या कडेलासुद्धा. शांतता हवी असेल तर एक दिवस आधी रामलिंगला या आणि येळवस औशाकडंच करा. शेत वाट्यानं दिलं म्हणून काय झालं, वाटेकऱ्याच्या घरचे कोप घालतच असतील. त्यांना आधी निरोप द्या, शिधा पाठवा, आईंच्या हातून पूजा होऊ द्या. दुसऱ्याच्या शेतात पाहुणी म्हणून बसण्यापेक्षा स्वतःच्या बांधावर त्यांना बरं वाटेल.

रामलिंगच्या दिवसाचं जेवण घरूनच आणा. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही, कांदा. कडक भाकरी दुपारपर्यंत चांगली राहते. प्लास्टिकच्या पत्रावळ्या आणू नका, स्टीलचे डबे आणा आणि खरकटंसुद्धा परत न्या. माकडं आणि कुत्री त्याच्यासाठीच येतात, आणि कुत्र्यांच्या वासावर बिबट्या येतो. पाणीही भरपूर आणा.

पौषात आलात तर वाटेत हुरडा मिळेल. मात्र पाटी लावून, खुर्च्या मांडून, गाणी वाजवून विकतात तिथं जाऊ नका. शेतात हुरड्याची आगटी (शेकोटी) पेटलेली दिसली की गाडी बाजूला घ्या आणि सरळ विचारा. गुळभेंडी ज्वारीचं कणीस गोवऱ्यांच्या विस्तवात भाजून, गरम असतानाच तळहातावर चोळून समोर येईल. पैसे विचारून द्या, घेत नसतील तर मुलाच्या हातून त्यांच्या पोरांना खाऊ द्या.

तेरणाकाठ

उशिरा लिहितोय. औशाहून येणार असाल तर मुरूड-ढोकी रस्त्यानं या आणि ढोकीवरून तेर गाठा, फार वाकडी वाट नाही. सकाळी जंगल, दुपारी ऊन चढलं की तेर, असं जमतं. गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची समाधी, शेजारी काळेश्वराचं देऊळ, तेरणेचं पात्र. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ मूळचं बौद्ध चैत्य आहे, पाठीमागून बघितलं की गजपृष्ठ, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखा गोलसर आकार स्पष्ट दिसतो. लामतुरे वस्तुसंग्रहालयही बघा. इथं सापडलेली हस्तिदंती बाईची मूर्ती इटलीत पाँपेईला सापडलेल्या मूर्तीशी मिळतीजुळती आहे. तगर म्हणून हे गाव रोमपर्यंत माहीत होतं. आईंना समाधीपाशी सावलीत बसायला जागा आहे, चालावं फार लागत नाही.

औसेकर_पुणे

ठरलं मग. येळवशीच्या आदल्या दिवशी सकाळी रामलिंग, तेही देवळात न उतरता वरच, दुपारी तेर, संध्याकाळी औसा. वाटेकऱ्याशी आत्ताच फोनवर बोललो, ते कोप घालतात आणि आईला या म्हणालेत. घाटमाथ्यावरच्या ताई, वनखात्याकडं चौकशी करायची तर येडशीत करायची की धाराशिवला?

घाटमाथ्यावरची

तुम्हाला येडशी वाटेतच लागतं, तिथंच विचारा, सकाळी लवकर. आणि आईंसाठी एक घोंगडी आणा, मुरमावर खडे टोचतात.