अपूर्णांक आधी उलटायचे की शेवटी? (दहावीचं भिंगाचं सूत्र)

देवगडची मास्तरीण
काल इथे एकाने पालकांना सल्ला दिला: "१/एफ = १/व्ही − १/यू आलं की सगळं उलटं करून टाका, मुलांचं डोकं खाऊ नका." वाचून संताप आला. वह्या तपासताना हीच चूक पानोपानी दिसते. एफ म्हणजे भिंगाचं नाभीय अंतर, यू म्हणजे भिंगापासून मेणबत्तीचं अंतर, व्ही म्हणजे प्रतिमेचं; मेणबत्तीच्या बाजूचं अंतर उणे. एफ १० सेंमी, यू उणे ३० सेंमी, व्ही काढा. १/व्ही = १/एफ + १/यू = १/१० − १/३० = २/३० = १/१५, म्हणून व्ही १५ सेंमी. पोरं एकेक पद सुटं उलटतात आणि १० − ३० = उणे २० लिहून मोकळी होतात. म्हणजे प्रतिमा मेणबत्तीच्याच बाजूला! अहो, भिंगापलीकडे १५ सेंमीवर पुठ्ठा धरा, ज्योत त्यावर उलटी पण लख्ख उमटते. दोन्हीकडे एकेकच अपूर्णांक उरला की मगच उलटायचं.

खाडीकाठचा
सल्ला माझाच. क्लास घेतो मी. उलटायचं ते शेवटी, हे वर्गात सांगतोच. पण लसावि कशाला, हे प्रत्येकाला पटवत बसलो तर पेपर कधी सोडवायचा? २०२५ला कोकण विभागाचा दहावीचा निकाल ९८.८२ टक्के लागला, राज्यात पहिला. तो काय आपोआप?

परळचा चाकरमानी
निकालाचे ढोल पुरे. हीच पोरं अकरावी सायन्सला गेली की पहिल्या चाचणीत गळपटतात. माझा पुतण्या विजेच्या ३ आणि ६ ओहम रोधांच्या समांतर जोडणीचं उत्तर ९ लिहून आला. तिथेही अपूर्णांकांची बेरीज आधी, उलटायचं शेवटी. १/३ + १/६ = १/२, म्हणजे २ ओहम. समांतर जोडणीत उत्तर सर्वांत लहान रोधापेक्षाही कमी यायला हवं, एवढंसुद्धा त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मालवणी आवस
माझ्या झिलाक क्लासात ह्याच शिकवल्यानी, नापास नाय झालो तो. तुमी मुंबैत बसान आमच्या पोरांका नावा ठेवू नकात.

परळचा चाकरमानी
नावं पोरांना नाही ठेवत, शिकवणाऱ्यांना ठेवतोय. आमच्या वाडीच्या शाळेत गणिताला मास्तरच नव्हता. आठवीपर्यंत छेद समान करणं कुणी दाखवलं नाही, मग दहावीत क्लासवाल्याने युक्ती हातात दिली. ९८ टक्क्यांत हे कुठे दिसतं?

खाडीकाठचा
मास्तर नाही हा माझा दोष? रिकाम्या जागेचा राग माझ्यावर काढू नका! तुमच्या वाडीतली पोरं संध्याकाळी माझ्याचकडे येतात आणि ज्याच्याकडे फी नाही त्यालाही मी बसवतो.

देवगडची मास्तरीण
बसवता, चांगलं करता. मग त्यालाच विचारा, १/२ + १/२ किती? १. आता पदं सुटी उलटली तर २ + २ = ४. एवढं एकदा फळ्यावर लिहा, दोन मिनिटं लागतील. पेपर बुडत नाही त्याने.

खाडीकाठचा
बरं, "सगळं उलटं" हे शब्द काढतो. आधी लसावि, मग एकच अपूर्णांक, मग उलटा, असं लिहितो. पण निकालाबद्दल बोललो त्यातलं अक्षरही मागे घेणार नाही.

परळचा चाकरमानी
नका घेऊ. अकरावीचे गुण लागले की बोलू.